बाबांच्या रिपोर्टात 'सीडी-२० पॉझिटिव्ह', आणि डॉक्टर म्हणतात बरं झालं! ते कसं?

कुळागर | सोमवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. आरोग्य विभागात पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

माझे बाबा ६६ वर्षांचे. फोंडा तालुक्यात आमचं गाव, वाड्यावरच्या भजनात बाबा चाळीसेक वर्षं पेटी वाजवतात. मे महिन्यात मानेत डाव्या बाजूला गाठ आली. दुखत नव्हती, म्हणून कोणी मनावर घेतलं नाही. आंब्याचे दिवस, घरात पाहुणे. मग रात्री घाम यायला लागला, एवढा की बनियन पिळावं. वजन सात किलो उतरलं. बायोप्सी झाली आणि मागच्या आठवड्यात रिपोर्ट हातात आला: डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा, म्हणजे बी-पेशींचा कर्करोग. खाली यादी. सीडी-२० पॉझिटिव्ह, सीडी-३ निगेटिव्ह, सीडी-१० निगेटिव्ह, बीसीएल-६ पॉझिटिव्ह, के-आय-६७ ८० टक्के.

डॉक्टरांनी कागद वाचला न वाचला आणि म्हणाले, "सीडी-२० पॉझिटिव्ह आहे, बरं झालं." आम्ही तिघं एकमेकांच्या तोंडाकडे बघतोय. हॉस्पिटलात पॉझिटिव्ह म्हणजे वाईट, एवढंच आजवर ठाऊक. कोविडात तर तो शब्द घरात उच्चारायची चोरी होती. बाहेर रांगेत तीस माणसं, पुढे विचारायचा धीर झाला नाही.

केमोबरोबर रिटुक्सिमॅब नावाचं औषध देणार आहेत. घरी येताना गाडीत बाबांनी विचारलं, "त्या औषधाला कळतं कसं गो, कुठली पेशी माझी आणि कुठली त्या रोगाची?" मला उत्तर देता आलं नाही. इथे कोणी देईल का?

---

तपकिरी_डाग | सोमवार, रात्री ११:०५

ताई, रिपोर्टातल्या यादीचं मी सांगतो. ३१ वर्षं पॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये काचपट्ट्या रंगवण्यात गेली, म्हणून हे टोपणनाव.

बाबांची गाठ मेणात बसवतात. त्या मेणाच्या वडीला आम्ही ब्लॉक म्हणतो. तिचे केसाहून कितीतरी पातळ काप काढून काचेवर घ्यायचे आणि एकेका कापावर एकेक अँटिबॉडी सोडायची. ती ज्या प्रथिनाला चिकटते तिथे रसायनाने तपकिरी रंग उमटतो. सीडी-२० पेशीच्या बाहेरच्या पडद्यात असतं, म्हणून पेशीभोवती तपकिरी कडं दिसतं. बांगडीसारखं. के-आय-६७ केंद्रकात असतं, त्यामुळे आत ठिपका. ८० टक्के म्हणजे शंभरातल्या ८० पेशी विभाजनाच्या घाईत आहेत. बी आणि टी या पांढऱ्या पेशींच्या दोन जाती. सीडी-३ ही टी-पेशींची खूण, ती नाही, म्हणजे हा रोग टी-पेशींचा नव्हे.

आता हे आकडे. आपल्याकडे पंचायत घरांना नंबर देते ना? १०३ नंबरच्या घरात भाटकार राहतो की पोदेर, हे नंबरावरून कळत नाही. मोजणारा ज्या क्रमाने आला तो क्रम. सीडी म्हणजे पेशीवरच्या प्रथिनांना दिलेला नंबर, त्याचंही तसंच. आधी प्रत्येक लॅब आपापलं नाव ठेवायची, सीडी-२० ला बी-वन म्हणायचे. एकाच प्रथिनाला चार नावं आणि सगळा गोंधळ. १९८२ मध्ये पॅरिसला शास्त्रज्ञ जमले आणि नंबर द्यायला सुरुवात केली. आता साडेतीनशेच्या वर गेलेत.

पॉझिटिव्ह म्हणजे बरं का? भांड्याला कान असला की चुलीवरून उचलता येतं. बाबांच्या गाठीतल्या पेशींना सीडी-२० नावाचा कान आहे आणि तो पकडणारा चिमटा, म्हणजे रिटुक्सिमॅब, बाजारात आहे. एवढाच त्याचा अर्थ.

---

सडेतोड | मंगळवार, सकाळी ७:४८

कान आजारी पेशीला आहे हे ठीक. चांगल्या पेशीला नाही ना? 'टार्गेटेड थेरपी' म्हणून एवढे पैसे घेतात, तेव्हा नेम अचूक असणारच, असं आपण समजतो.

---

तपकिरी_डाग | मंगळवार, सकाळी ८:२०

चांगल्या बी-पेशींनाही आहे. सूज आलेल्या साध्या टॉन्सिलच्या कापावर सीडी-२० सोडलं तर तोही तपकिरी होतो. टॉन्सिलच तर आम्ही रंग बरोबर उमटतोय का हे तपासायला वापरतो!

---

सडेतोड | मंगळवार, सकाळी ८:२६

मग टार्गेटेड कसलं? जाहिरातीचा शब्द.

---

पठारावरून | मंगळवार, दुपारी २:३३

ताळगावच्या पठारावरच्या विद्यापीठात शिकवतो, विषय पेशीजीवशास्त्र. डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो.

कुळागरताई, तुमच्या बाबांचा प्रश्न मी उद्या वर्गात विचारणार आहे. त्याचं उत्तर असं: औषधाला कळत नाही.

रिटुक्सिमॅब रोग ओळखत नाही, कुळी ओळखतं. (कूळ-मुंडकारातलं कूळ नव्हे, पेशीचं घराणं.) बाबांची गाठ बी-पेशींच्या घराण्यातून निघाली आणि घराण्याची खूण तिने टाकून दिली नाही. औषध ती खूण दिसेल तिथे जाऊन बसतं, पेशी सज्जन की दुर्जन याची चौकशी करत नाही. सडेतोड, तुमचा राग रास्त आहे. तरीही हे औषध चालतं, कारण बी-पेशी काही महिने नसल्या तरी माणूस जगतो.

बाबांना शेतावरून सांगा. भातात कधीकधी भातासारखंच दिसणारं तण माजतं, लोंबी येईपर्यंत ओळखू येत नाही. समजा वैतागून अख्खं शेत कापलं, तर कुटुंब उपाशी मरेल का? कणगीत बियाणं असेल आणि कोठारात मागल्या वर्षाचं भात असेल तर नाही मरणार. अस्थिमज्जेतल्या मूळ पेशी म्हणजे बियाणं, त्यांच्यावर सीडी-२० नसतं. प्लाझ्मा पेशी म्हणजे कोठार. लहानपणच्या गोवराविरुद्धची अँटिबॉडी अजून बनवत बसलेल्या असतात त्या याच. त्यांनी म्हातारपणी सीडी-२० टाकून दिलेलं असतं. मधलं उभं पीक तेवढं सीडी-२० वालं. ते कापलं जातं, आणि शेवटच्या डोसनंतर साधारण ६ ते १२ महिन्यांत बियाण्यातून पुन्हा उगवतं.

ही रचना आपल्यासाठी कोणी केलेली नाही. नशिबाने तशी निघाली.

म्हणून रक्ताच्या कर्करोगांत माझा पहिला प्रश्न 'खूण कुठली' हा नसतो. ती खूण असलेल्या सगळ्या पेशी गेल्या तर चालेल का, हा असतो. तीव्र मायलॉइड ल्युकेमियात, म्हणजे एएमएलमध्ये, सगळं इथेच अडतं. तिथे सीडी-३३ ही खूण बहुतेक रुग्णांत सापडते. पण निरोगी मायलॉइड पेशींच्या लहानपणीही तीच खूण असते, आणि हे घराणं महिनोन् महिने कापून ठेवलं तर साध्या जंतूनेही माणूस जातो. सीडी-३३ वर विष लादून नेणारं औषध, जेम्टुझुमॅब, अमेरिकेत २००० साली मंजूर झालं. पुढच्या चाचणीत फायदा दिसेना, सुरुवातीचे मृत्यू मात्र जास्त दिसले, म्हणून २०१० मध्ये कंपनीने मागे घेतलं. २०१७ मध्ये ते परत आलं. औषध तेच, डोस कमी आणि विभागून दिलेला.

टी-पेशींच्या कर्करोगात आणखी वांधे. सगळ्या टी-पेशी मारल्या तर रुग्णाची अवस्था एड्ससारखी होते. आणि औषधाऐवजी पेशीच मारायला पाठवल्या आणि त्या टी-पेशीच असतील तर त्यांच्या अंगावरही तीच खूण. म्हणजे एकमेकांनाच मारत बसतात.

थोडी शब्दांची चिकित्सा करतो, मास्तर आहे म्हणून. या सगळ्यांना सरसकट 'रिसेप्टर' म्हणतात, ते नेमकं नाही. रिसेप्टर म्हणजे बाहेरचा निरोप आत पोचवणारा. सीडी-२० ला बाहेरून कोण निरोप देतं, तसा नैसर्गिक जोडीदार सापडलेला नाही. सीडी-१९ हा बी-पेशीच्या मुख्य रिसेप्टरचा मदतनीस. सीडी-३८ बऱ्याच अंशी एन्झाइम आहे. मायलोमातलं (प्लाझ्मा पेशींच्या कर्करोगातलं) बीसीएमए मात्र खराखुरा रिसेप्टर, प्लाझ्मा पेशीला 'जगत राहा' हा निरोप त्यातून मिळतो. एएमएलमधला एफएलटी-३ ही तसाच. सुमारे ३० टक्के रुग्णांत त्यात असा बिघाड होतो की निरोप आलेला नसतानाही घंटा वाजत राहते. तिथे मिडोस्टॉरिन किंवा गिल्टेरिटिनिब ही गोळी आत शिरून घंटेची तार तोडते. खुणेला धरून पेशी मारणं निराळं आणि रिसेप्टरचं तोंड बंद करणं निराळं, वर्तमानपत्रं दोन्ही एकाच टोपलीत टाकतात.

---

सडेतोड | मंगळवार, दुपारी ३:१०

कोठाराचा मुद्दा पटला. 'कापणी थेरपी' म्हणा, टार्गेटेड म्हणू नका.

एक विचारतो. माझ्या मेहुण्याला सीएमएल (रक्ताचा एक कर्करोग) आहे, दहा वर्षं रोज एक गोळी घेतो, गाडी चालवतो, लग्नांत नाचतो. त्याची खूण कुठली?

---

पठारावरून | मंगळवार, दुपारी ३:४१

त्याची गोष्ट पेशीच्या आत घडते. दोन गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होऊन बीसीआर-एबीएल नावाचं प्रथिन तयार होतं, तेच रोगाचं मूळ. इमॅटिनिब ते बंद करतं. ते प्रथिन फक्त आजारी पेशीत असतं, म्हणून तिथे नेम खरंच बराच अचूक आहे. तुमच्या मनातलं 'टार्गेटेड' ते. त्याच औषधाच्या पेटंटचा खटला आपल्या सर्वोच्च न्यायालयात १ एप्रिल २०१३ ला कंपनीच्या विरोधात निकाली निघाला. मेहुण्याची गोळी परवडते त्यात या निकालाचाही वाटा आहे.

---

म्हापसा_शुक्रवार | मंगळवार, रात्री ९:१५

दुकान बंद करून आत्ता वाचलं. मी फार्मासिस्ट.

नावात भेद दडलाय तो सांगतो. रि-टु-क्सि-मॅब. शेवटचं 'मॅब' म्हणजे मोनोक्लोनल अँटिबॉडी. 'क्सि' म्हणजे संकरित, पकडणारं टोक उंदराचं आणि बाकी धड माणसाचं. 'झु' आलं तर जवळपास सगळं माणसाचं, 'मु' आलं तर पूर्ण. रिटुक्सिमॅबमध्ये उंदीर बराच शिल्लक आहे. पहिल्या डोसला हुडहुडी भरते त्याचं हे एक कारण. मोठं कारण म्हणजे एकदम खूप पेशी फुटतात आणि त्यांच्यातला ऐवज रक्तात येतो. त्यामुळे आधी पॅरासिटामॉल, ॲलर्जीचं इंजेक्शन आणि बहुधा स्टेरॉइड देतात, आणि पहिली बाटली अगदी थेंबथेंब सोडतात.

पैशांबद्दल. मूळ औषध अमेरिकेत नोव्हेंबर १९९७ मध्ये मंजूर झालं. हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीने २००७ मध्ये त्याची आपली आवृत्ती आणली, रेडिटक्स. नंतर बाकीच्या कंपन्याही उतरल्या. डॉक्टरांनी भारतीय आवृत्ती लिहिली तर 'नकली' म्हणून घाबरू नका.

आणि कुळागर, हे जाड अक्षरात वाचा. पहिल्या डोसच्या आधी हिपॅटायटिस-बी च्या तपासण्या झाल्यात का, विचारा. एकच नाही, दोन: पृष्ठभागाचं अँटिजेन आणि कोअर अँटिबॉडी. वीस वर्षांपूर्वी नकळत कावीळ होऊन गेलेली असली तरी विषाणू यकृतात दडून राहतो. बी-पेशींचा पहारा उठला की तो उठतो, आणि त्यात माणसं दगावली आहेत. वेळेवर कळलं तर रोज एका गोळीत आटोक्यात राहतो. बहुतेक ठिकाणी आपणहून करतात, पण विचारायला लाजू नका.

---

दूधसागर | मंगळवार, रात्री १०:३०

माझ्या आईला हाच आजार, हेच औषध, २०१९. आर-चॉप (रिटुक्सिमॅब आणि चॉप नावाची केमो), दर २१ दिवसांनी, सहा वेळा.

पहिल्या बाटलीला सुरुवात होऊन अर्धा-पाऊण तास झाला आणि आई थरथरायला लागली. दात वाजताहेत, पलंग हलतोय. मी धावत सिस्टरना बोलावलं, त्या अगदी शांत. बाटली थांबवली, सुई दिली, वीस मिनिटांनी पुन्हा सुरू, आधीपेक्षा हळू. सकाळी नऊला लावलेली बाटली संध्याकाळी चारच्या पुढे संपली. दुसऱ्या वेळेला काहीही झालं नाही. आई झोपून गेली, मी तिच्या डब्यातली भाजी संपवली.

चॉपमधलं लाल औषध आलं की लघवी लाल होते, ते रक्त नव्हे. आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं, रात्रभर घर जागं.

आई आता ७४, चवथीला अजून नेवऱ्या स्वतः लाटते. माझ्या आईचं बरं झालं म्हणून सगळ्यांचं होईलच असं मी म्हणत नाही.

आणखी एक. आम्ही मुंबईला दुसरं मत घ्यायला गेलो, मांडवी एक्सप्रेसने, आणि तिथे पहिला प्रश्न आला, "ब्लॉक आणलाय?" आम्ही फक्त कागद नेलेले. बायोप्सी जिथे झाली त्या खाजगी ठिकाणी फोन केला तर 'शोधतो' म्हणून आठ दिवस घालवले. शेवटी मी परत येऊन, तिथे ठाण मांडून तो ब्लॉक घेतला. ताई, रिपोर्ट मिळालाय ना, मग ब्लॉक आणि काचपट्ट्या आजच मागा. सही करून मिळतात.

---

तपकिरी_डाग | मंगळवार, रात्री १०:५२

ब्लॉकच्या मुद्द्याला +१००. आणि कृपा करून तो गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात ठेवू नका. मेण आहे ते. एकाने ठेवला होता.

---

नाट्यवेडा | बुधवार, सकाळी ६:५५

आमच्या ग्रुपवर आलंय की आयआयटी मुंबईने एकाच इंजेक्शनात कर्करोग नाहीसा करणारं औषध काढलंय, राष्ट्रपतींच्या हस्ते उद्घाटन झालं, मग केमो कशाला? कुळागरताईंनी थेट तेच का घेऊ नये? शिवाय आमचे एक वैद्य गुळवेलीचा काढा देतात, त्याने प्रतिकारशक्ती वाढते.

---

म्हापसा_शुक्रवार | बुधवार, सकाळी ९:०२

गुळवेल आत्ता नको. गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवलेत. आयुष मंत्रालयाला ते मान्य नव्हतं, वाद झाला. पण केमो चालू असताना यकृतावर वादाचे प्रयोग कोण करेल? जे काही द्याल ते कर्करोगाच्या डॉक्टरांना सांगून द्या.

---

पठारावरून | बुधवार, दुपारी १:२०

नाट्यवेडासाहेब, बातमी अर्धी खरी आहे.

४ एप्रिल २०२४ ला राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी पवईला जिचं लोकार्पण केलं ती कार-टी उपचारपद्धती, नाव नेक्सकार-१९. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून घडवली, ऑक्टोबर २०२३ मध्ये तिला परवानगी मिळाली. नावातला १९ म्हणजे सीडी-१९, बी-पेशींच्या घराण्याची दुसरी खूण, सीडी-२० च्याही आधी उमटणारी.

पण हे दुकानातून आणायचं इंजेक्शन नव्हे. रुग्णाच्याच रक्तातून टी-पेशी गाळून घ्यायच्या. प्रयोगशाळेत निरुपद्रवी केलेल्या विषाणूकरवी त्यांच्यात एक नवं जनुक घालायचं, म्हणजे त्यांच्या अंगावर सीडी-१९ पकडणारा कृत्रिम रिसेप्टर उगवतो. त्या वाढवायच्या, आणि मग त्याच रुग्णाला परत द्यायच्या. इथे गंमत बघा, रिसेप्टर औषधाच्या अंगावर आहे आणि खूण रोगाच्या. शिवाय रिटुक्सिमॅबचा रेणू संपतो, या पेशी अंगात वाढतात, काही तर वर्षानुवर्षं राहतात.

अमेरिकेत २०१२ मध्ये एमिली व्हाइटहेड ही हा उपचार घेणारी पहिली लहान मुलगी, ल्युकेमियाची. पेशी दिल्यावर तिला एवढा ताप चढला की वाचेल असं वाटेना. तपासलं तर इंटरल्युकिन-६ नावाचं रसायन प्रचंड वाढलेलं. ते अडवणारं टोसिलिझुमॅब सांधेदुखीच्या आजारासाठी बाजारात होतंच. दिलं, ताप उतरला. आज कार-टी देणाऱ्या प्रत्येक वॉर्डात ते औषध हाताशी असतं. ते सुचलं नसतं तर ही शाखा तिथेच खुडली गेली असती, असं मला वाटतं.

आता 'केमो कशाला'. आपल्याकडची परवानगी पहिल्या उपचारांना दाद न दिलेल्या किंवा आजार उलटलेल्या रुग्णांसाठी आहे. बाबांचा हा पहिलाच उपचार. त्यात आर-चॉपचा अनुभव जुना आणि भक्कम. २००२ मध्ये फ्रेंच डॉक्टरांनी ६० ते ८० वयाच्या ३९९ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध केली. नुसत्या चॉपने ६३ टक्क्यांत रोग पूर्ण दिसेनासा झाला, रिटुक्सिमॅब जोडल्यावर ७६ टक्क्यांत. बाबा त्याच वयोगटातले.

खर्चाचं म्हणाल तर नेक्सकार परदेशातल्या किमतीच्या साधारण दहाव्या हिश्शात आहे. तरी तो आकडा लाखांतच.

आणि कार-टीलाही रोग चकवतो. काही रुग्णांत आजार उलटतो तेव्हा पेशींवर सीडी-१९ उरलेलंच नसतं. ज्या थोड्या पेशींनी खूण टाकून दिली त्या वाचल्या आणि त्यांचंच पीक आलं. म्हणून उलटलेल्या आजारात शक्य असेल तर बायोप्सी पुन्हा करतात. जुन्या रिपोर्टावर भिस्त ठेवून चालत नाही.

---

सडेतोड | बुधवार, दुपारी १:४४

कान कापून पळाला, भांडं राहिलं. तपकिरीकाका, तुमच्या चिमट्याचं काय मग?

---

तपकिरी_डाग | बुधवार, दुपारी २:०८

दुसरा कान शोधायचा. सीडी-२२ आहे. आणि हा कान वेगळ्या जातीचा. सीडी-२० ला अँटिबॉडी चिकटली की ते बहुतेक बाहेरच उभं राहतं, म्हणून तिथे मारेकरी पेशींना बोलावून घेणारी साधी अँटिबॉडी चालते. सीडी-२२, सीडी-३३, सीडी-३० ही चिकटलेलं आत ओढून घेतात. मग अँटिबॉडीच्या पाठीवर विष बांधून द्यायचं, पेशी स्वतःच गिळते. सीडी-३३ आणि सीडी-२२ च्या औषधांत जे विष बांधतात ते टेक्सासच्या चुनखडी मातीतल्या एका जिवाणूचं. एवढं जहाल की मोकळं देताच येत नाही.

---

रात्रपाळी | गुरुवार, पहाटे ३:१७

रक्तपेढीतून. आज शांतता आहे म्हणून लिहितो. धाग्यातला आजार नव्हे, शेजारचा, पण कुळीच्या खुणेचा आमच्या टेबलावर काय परिणाम होतो ते कोणी सांगत नाही.

मागे एका मायलोमाच्या आजोबांसाठी रक्त मागवलं. गट ओ पॉझिटिव्ह, फ्रीजमध्ये भरपूर. क्रॉसमॅच लावली, जुळेना. दुसरी पिशवी, तिसरी, सातवी. एकही जुळेना. खाली नातेवाईक रडकुंडीला, वर डॉक्टर फोनवर तापलेले. आजोबांच्या रक्तात सगळ्या जगाविरुद्ध अँटिबॉडी आहे की काय, असं वाटायला लागलं.

शेवटी जुन्या फायलीत एक ओळ सापडली: डॅराट्युमुमॅब सुरू. हे सीडी-३८ वर बसणारं औषध, प्लाझ्मा पेशी म्हणजे वर म्हटलेलं कोठारच रोगट झालं की देतात. सीडी-३८ लाल पेशींवरही किंचित असतं, अगदी पुसट. औषध रुग्णाच्या रक्तात फिरत असतं, ते आमच्या तपासणीतल्या लाल पेशींना चिकटतं आणि परीक्षा नापास दाखवते. रक्त वाईट नसतं, परीक्षा फसलेली असते. डीटीटी नावाच्या रसायनाने पेशी धुतल्या की सीडी-३८ निकामी होतं आणि खरं उत्तर मिळतं. पण त्याला वेळ लागतो, आणि ते रसायन सगळीकडे नसतं.

म्हणून हे औषध घेणाऱ्यांना हात जोडून सांगणं: पहिल्या डोसच्या आधी रक्तगटाची सविस्तर तपासणी करून घ्या, आणि कुठेही रक्त लागलं तर सगळ्यात आधी औषधाचं नाव सांगा. शेवटच्या डोसनंतर सहा महिन्यांपर्यंत हा गोंधळ राहू शकतो. खिशात चिठ्ठी ठेवा.

फोन वाजतोय. बस्स.

---

दूधसागर | गुरुवार, सकाळी ८:११

रात्रपाळी, हा प्रतिसाद आमच्या रुग्ण-नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू का? टोपणनाव काढून.

---

रात्रपाळी | गुरुवार, सकाळी ८:४०

टाका. टोपणनावासकट टाकलात तरी चालेल. झोपतो आता.

---

कुळागर | शनिवार, रात्री ९:२६

चार दिवस धावपळीत गेले, उत्तर द्यायला उशीर झाला. देव बरें करूं तुम्हां सगळ्यांना.

ब्लॉक मागितला. आधी म्हणाले सोमवारी या. मी बसून राहिले, तासाभरात मिळाला. आता देवघराच्या कपाटात आहे, आईने त्याला हळद-कुंकू लावायचं तेवढं बाकी ठेवलंय.

पठारावरचे सर, तुमचं शेत बाबांना वाचून दाखवलं. ऐकून गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे माझीही चांगली पेशी मारणार. सांगितलं ते बरं केलं, नंतर कळलं असतं तर राग आला असता." रात्री जेवताना पुन्हा विचारलं, "बियाणं किती वर्षांचं असतं?" मी सांगितलं, जन्मापासूनचं. त्यावर काही बोलले नाहीत.

आता मुख्य. म्हापसाकाका, तुमचं ऐकून हिपॅटायटिसचं विचारलं. पृष्ठभागाच्या अँटिजेनची तपासणी झालेली होती, निगेटिव्ह. कोअर अँटिबॉडी राहिली होती. डॉक्टर म्हणाले चांगली आठवण केलीत, लगेच रक्त घेतलं. काल रिपोर्ट आला, पॉझिटिव्ह. हा पॉझिटिव्ह मात्र बरा नव्हे, एवढं आता मला कळतं! बाबांना आठवतं, १९८४-८५ च्या सुमारास कावीळ झाली होती, गावातल्या कोणाकडून तरी झाडपाला घेतला आणि बरे झाले. तीच की दुसरी, कोण सांगणार. विषाणूची मोजणी केली, रक्तात सापडला नाही. एंटेकाविर गोळी सुरू करायला सांगितलंय, रिटुक्सिमॅब संपल्यावरही निदान वर्षभर चालू ठेवायची. पहिला डोस पुढच्या गुरुवारी.

दोन शंका. चवथ तोंडावर आहे, वाड्यावरची माणसं आरतीला घरोघर येतात, बाबांना बसू द्यावं का? आणि फ्लूची लस आत्ता घ्यावी का?

---

म्हापसा_शुक्रवार | शनिवार, रात्री १०:०३

छातीतलं ओझं उतरलं बघा. दुकानात रोज शंभर जणांना सांगतो, एखाद्याला उपयोग होतो.

लस: मेलेल्या विषाणूची असेल तर रिटुक्सिमॅबच्या आधी घेणं चांगलं, नंतर अँटिबॉडी बनवणारं पीकच नसतं, त्यामुळे ती नीट लागत नाही. शक्यतो दोन आठवडे आधी, पण तुमच्याकडे तेवढे दिवस नाहीत. लसीसाठी उपचार लांबवू नका, डॉक्टरांना विचारा, ते ठरवतील. जिवंत विषाणूची लस अजिबात नको.

आरतीचं: केमोनंतर साधारण दुसऱ्या आठवड्यात पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली असतात. चवथ त्या आठवड्यात येते का ते कॅलेंडर लावून बघा. येत असेल तर बाबांनी आतल्या खोलीतून ऐकावी. ताप १००.४ च्या वर गेला तर रात्र आहे, सण आहे म्हणून थांबायचं नाही, थेट हॉस्पिटल.

आणि एंटेकाविर रिकाम्या पोटी घ्यायची. खाल्ल्यावर दोन तासांनी, आणि त्यानंतर पुढे दोन तास काही खायचं नाही. लोक इथेच चुकतात. बाबा सकाळी पेज कधी घेतात?

---

कुळागर | शनिवार, रात्री १०:१९

साडेसातला. पण ते पाचलाच उठतात, पेटी काढून बसतात. गोळी पेटीच्या झाकणावर ठेवते.